घराची टापटीप आणि इतिहासातला उंदीर

मंडळी, दसरा उलटून दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघर एकच गडबड उडते. माळ्यावरची भांडी खाली येतात. गोधड्या आणि घोंगड्या उन्हात पडतात. फडताळातले डबे अंगणात रांगेने उभे राहतात, आणि घरातल्या पुरुषमाणसांना दोन दिवस धड बसायला जागा मिळत नाही. एखादा वैतागून म्हणतो, ‘‘अहो, वरवर झाडून घेतले असते तर नसते का चालले?’’ त्याला उत्तर मिळत नाही. हातात खराटा मिळतो.

या आवराआवरीचा इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे. शाळेत आपण इतिहास शिकतो तो लढायांचा आणि तहांचा. गुरुजींनाही तोच शिकवावा लागतो, कारण परीक्षेत तोच विचारतात. पण कोणती वस्तू घरात कुठे ठेवायची, ती किती दिवसांनी हलवायची, दाणागोटा कशात साठवायचा, यालाही इतिहास आहे. आणि त्या इतिहासात एक प्राणी पुन्हा पुन्हा डोकावतो. तो म्हणजे उंदीर. त्याचा माग धरून आपण जाऊ.

पहिली गाठ पडते ती थेट शिवाजी महाराजांच्या पत्रात. राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ, म्हणजे १६७३-७४. महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ तळ देऊन राहिले होते. कोकणातला पावसाळा तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा सुरू झाला की चार महिने वाट बंद. तळावर दाणा, वैरण, गवत यांची बेगमी करून ठेवलेली. महाराज तळावरच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना लिहितात, आणि त्या पत्राचा विषय काय, तर साठा कसा सांभाळावा! आता हवी तशी उधळपट्टी कराल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, त्यांचे दाणे, गवत, भाजीपाला ओढून आणाल, आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे ते विस्तवाबद्दल बजावतात. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तमाखू ओढताना ठिणगी पडेल याची काळजी घ्या. आणि मग येतो आपला उंदीर. रात्री दिवा जळत ठेवू नका. निजल्यावर उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल, ती गवतात पडली की छपरे पेटतील आणि एकाच्या हयगयीने सारा तळ जाईल.

हे पत्र आपण बहुधा रयतेच्या कळवळ्यासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण पुन्हा वाचाल तेव्हा एवढे ध्यानात घ्या, की राजाला रात्रीच्या अंधारात वात पळवणारा उंदीर दिसतो आहे. साठवण म्हटली की उंदीर आलाच, हे ज्याने घरे पाहिली आहेत त्यालाच सुचते.

यानंतर चाळीसेक वर्षांनी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. पंत शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनचे मुत्सद्दी. राज्य कसे राखावे हे त्यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी लिहून ठेवले. त्यातले गडांचे प्रकरण उघडले की वाटते, एखादी दक्ष सासूबाई बोलते आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाजवळ केरकचरा पडू देऊ नये. आणि झाडलेला केर गडाखाली ढकलायचा नाही. तो जागच्या जागी जाळावा, राख परसात टाकावी आणि त्यावर घरोघर भाजीपाला करावा. कोठारातल्या दारूगोळ्याबद्दलही सूचना आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे.

आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढायचे, ऊन द्यायचे, परत जागेवर ठेवायचे. आपल्या आजीबाईंनी डाळींचे हेच केले आणि गोधड्यांचेही हेच केले. आज्ञापत्र वाचून त्यांनी केले असे अर्थातच नाही. गडावरचा हवालदार आणि घरातली कारभारीण, दोघांपुढे अडचण एकच होती: हवा दमट, पावसाळा लांब आणि साठवलेल्या जिनसेवर कोणाची ना कोणाची नजर.

आता जुन्या घरात जाऊ या. तुमच्यापैकी ज्यांचे बालपण मातीच्या किंवा दगडी घरात गेले असेल त्यांनी क्षणभर डोळे मिटावे. भिंतीत कोनाडे असत, त्याहून लहान त्या देवळ्या. देवळीत दिवा, कोनाड्यात रोजच्या लागणाऱ्या वस्तू. भिंतीतच दारे बसवून केलेले फडताळ. भिंतीला खुंट्या, एका खुंटीला पागोटे, दुसरीला पिशवी, तिसरीला बैलाची वेसण. कपडे टाकायला आडवी टांगलेली दांडी. अंथरुणांच्या वळकट्या घडवंचीवर. आढ्याला शिंके, त्यात दह्यादुधाची मडकी, म्हणजे मांजर आणि उंदीर दोघांच्याही उडीबाहेर. माजघराच्या कोपऱ्यात उतरंड, सर्वांत मोठे मडके तळाला आणि चढत चढत लहान. कणगी बांबूच्या विणीची, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. कुठे कुठे भिंतीतच बांधलेले बळद, वरून दाणे ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे.

बघा, या सगळ्या यादीत लाकडी सामान किती थोडे आहे! वस्तू ठेवण्याच्या जागा घर बांधतानाच भिंतीत आणि आढ्यात बांधल्या जात. म्हणून घर आवरलेले दिसे. गवंडी आणि सुतार यांनी अर्धे आवरून ठेवलेले असे, उरलेले अर्धे घरची बाई आवरी. वस्तूही थोड्या असत, हे खरेच. पण थोड्या वस्तूंचाही पसारा करता येतो. लहान मुलाच्या हाती चार भांडी देऊन पाहा.

उतरंडीचीच गंमत घ्या. तळाच्या मडक्यातले काही हवे असेल तर वरची सगळी मडकी एकेक करून उतरवावी लागत. आपल्याला वाटेल, केवढा हा व्याप. पण त्या निमित्ताने प्रत्येक मडके दर काही दिवसांनी हाताखालून जाई. कशाला कीड लागली, कुठले पाझरते आहे, मागे उंदराने बीळ पाडले आहे का, हे सारे आपोआप कळे. बियाण्याचे दाणे राखेत घोळून ठेवलेले असत, धान्यात कडुनिंबाचा पाला घातलेला असे, डाळींना एरंडेल चोळलेले असे. आणि उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी, सगळे पुन्हा उन्हात.

पेवाचा प्रकार निराळाच. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. आत धान्य भरून तोंड बंद केले की आतली हवा धान्यच खाऊन टाकते, आणि मग कीड-मुंगी तिथे जगत नाही. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा दंडक. आधी वारा लागू द्यायचा. ज्यांनी घाई केली त्यांतले काही वर आले नाहीत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे पुष्कळ होती आणि वर्षानुवर्षे त्यांत हळद राहिली; २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांची मोठी हानी झाली.

जुन्या घराचे हे गुणगान ऐकून काही जणांचे मन भरून येईल. पण थोडे थांबा. त्या माजघराला खिडकी होती का? बहुतेक घरांत नव्हती. चोराचे भय, थंडीचे भय, आणि घरातल्या बायका बाहेरच्यांना दिसू नयेत ही समजूत. भर दुपारी दिवा लावून ज्या खोलीत वावरावे लागे तिथेच धान्य, तिथेच बाळंतिणीची बाज आणि तिथेच चुलीचा धूर. कोणती वस्तू कुठे आहे हे एका बाईच्या डोक्यात असे. नव्या सुनेला पहिल्या दिवशी मिठाची जागा दाखवीत. उरलेल्या जागा कळायला तिला वर्ष लागे, आणि तोवर बोलणी खावी लागत. घराची टापटीप म्हणून जी आपण वाखाणतो ती कोणाच्या तरी पाठीच्या कण्यावर उभी होती.

आणि कणगीमागे, बळदाच्या तळाशी, माळ्यावरच्या जुन्या पोत्यांत उंदीर होता. घरचा काळा उंदीर, भिंती आणि वासे चढण्यात तरबेज. तो दाणे खाई, लोक हळहळत, सापळा लावीत, मांजर पाळीत. तो माणसांचा जीव घेईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी एक विचित्र ताप पाहिला. जांघेत आणि काखेत गाठी येत होत्या. त्यांनी हा प्लेग असल्याचे सांगितले. मांडवी म्हणजे गोदीलगतचा भाग, धान्याच्या वखारींनी भरलेला. पोत्यांवर पोती, आणि वखारींच्या वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसे. तिथे साथ आधी फुटावी यात नवल नव्हते, पण त्या वेळी ते कारण कोणाला ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सँ यांना सापडला होता. तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोडे होते. सरकारी समजूत अशी, की रोग घाणीत असतो, ओलीत असतो, अंधारात असतो. मग मुंबईत काय काय केले म्हणता? गटारे धुतली, भिंतींना चुना फासला, कार्बोलिक शिंपडले, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली. जी घरे राहण्यास नालायक ठरली त्यांच्या भिंतींवर इंग्रजीत यू. एच. एच. अशी अक्षरे रंगवली. गटारात पाणी सोडले की उंदीर मरत नाही, तो शेजारचे घर गाठतो. लाखो लोक मुंबई सोडून गावी निघाले, डोक्यावर गाठोडी घेऊन. त्या गाठोड्यांत कपडे होते, दाणे होते, आणि कपड्यांच्या घड्यांत पिसवा होत्या.

साथ पुण्यात आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला होता, त्याने अधिकाऱ्यांच्या हाती वाटेल ती सत्ता आली. मार्चमध्ये रँडसाहेबांच्या हाताखाली कमिटी नेमली गेली आणि घरझडतीसाठी गोरे सोल्जर आणले गेले. पुढे काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. बूट घालून सोल्जर माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. आजारी माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले. घरातले सामान रस्त्यावर काढले. अंथरुणे, कपडे, चिंध्या, लाकडी वस्तू, रोगट वाटेल ते जाळले. जमिनी खणल्या, भिंतींना चुना मारला. कुलूप लावलेली घरे फोडली.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार बोचते. घरातले सगळे सामान बाहेर काढणे, ऊन देणे, भिंतीला चुना देणे, मोडके-तोडके जाळून टाकणे ही कामे आपल्याला परकी नव्हती. दिवाळीच्या आधी घरोघर बायका तेच करीत होत्या. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून, तिला हळदकुंकू वाहून, तिची पूजा करण्याची चाल आपल्याकडे आहेच. मार्च १८९७ मध्ये तेच काम झाले, पण कोणते मडके ठेवायचे आणि कोणते फोडायचे हे घरच्या बाईला कोणी विचारले नाही. देवाचे काय, बाळंतिणीचे काय, सासूने दिलेल्या लुगड्याचे काय, हे सोल्जरला कळण्याचे कारण नव्हते, आणि समजून घेण्याची इच्छाही नव्हती. नुसती निर्दयता म्हणून सोडून देता आले असते, पण या प्रकाराचा उलटा परिणाम झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले. माळ्यावर, पोत्यांमागे, म्हणजे नेमके जिथे उंदीर तिथेच.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ३ जुलैला तो मेला. दामोदर हरी चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. हे पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून इथे लांबवत नाही. पण गुरुजी, त्याच पानावर मुलांना आणखी एक तारीख लिहायला सांगा: १० मार्च १८९७. पुण्याजवळ मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. दुसऱ्याच्या घरातल्या आजाऱ्याला कसे उचलावे, हे त्या शहरात त्याच महिन्यात कोणीतरी करून दाखवीत होते.

कोडे सुटले ते हळूहळू. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की आजारी उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग दुसऱ्या उंदराला देते. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. मग १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत एक कमिशन बसले आणि त्याने धीराने काम केले. ज्या घरात प्लेग झाला त्या घरात गिनीपिग नावाचे सशासारखे लहान प्राणी ठेवले. जमिनीवर मोकळे सोडलेल्या प्राण्यांच्या अंगावर पिसवा चढल्या आणि ते प्लेगने मेले. पिसूच्या उडीपलीकडे उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. मला इथे आपले शिंके आठवते. उंच टांगलेले ते सुरक्षित, हे आजीबाईंना माहीत होते. पण त्यांनी त्यात दही ठेवले होते, माणसे जमिनीवर निजत होती.

उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसू ते सोडते आणि ऊब शोधत जवळच्या माणसाकडे येते. एवढे हे सारे गणित. आणि खेड्यांतल्या लोकांनी हे गणित कमिशनच्या आधीच अर्धे सोडवले होते, बरे का! ‘उंदीर पडला’ असे कानावर आले की गावे रिकामी होत. वासे-आढ्यावरून मरून खाली टपकणारा उंदीर म्हणजे सूचना. लोक कडीकुलपे लावून शेतात, माळावर जात, काटक्या-पाल्याची झोपडी घालीत आणि दोन-तीन महिने तिथे काढीत. कित्येक ठिकाणी साथ उतरली ती यामुळेच. झोपडीत काय असे? तीन दगडांची चूल, दोन भांडी, एक वळकटी, चार दिवस पुरतील एवढे दाणे. उंदराला तिथे लपायला जागा नाही आणि खायला काही नाही. तरी १८९६ पासूनच्या दोन-अडीच दशकांत या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली.

त्याच वर्षांत वऱ्हाडातला एक माणूस घर सोडून निघाला. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. १९०५ साली त्यांनी घर सोडले. संसार म्हणावा तर हातात एक मडके आणि अंगावर चिंध्यांचे पांघरूण. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचा, गटार साफ करायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. झाडणाऱ्या माणसाने दिवसभर घाम गाळलेला लोकांनी पाहिलेला असे, म्हणून रात्री त्यांनी खरडपट्टी काढली तरी लोक ऐकून घेत. साहेबांच्या कमिटीला ही युक्ती सुचली असती तर! १९५६ साली बाबा गेले. २०००-०१ पासून महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा कित्येक गावांत सरपंचांनी स्वतः खराटा हाती घेतला.

प्लेगनंतरच्या काळात घरातल्या सामानाचे रूप पालटू लागले. मंगळुरी कौले, जी बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६५ पासून निघत होती, गावोगाव पोचू लागली. नव्या घरांना खिडक्या आल्या. रॉकेल ज्या पत्र्याच्या डब्यातून येई तो रिकामा डबा धुऊन, वर झाकण बसवून, घराघरांत धान्याचा डबा झाला. पत्रा उंदराला कुरतडता येत नाही. कणगी हळूहळू कोपऱ्यात गेली. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काचकारखाना निघाला आणि पुढे तिथला प्रभाकर कंदील खेडोपाडी लोंबू लागला. वात काचेत बंद झाली. चिपळूणच्या तळावरचा तो उंदीर आता नाइलाजाने बाहेरून बघत बसला असेल!

लोखंडी कपाटाची कथाही याच धाग्यातली. १८९७ साली, म्हणजे मुंबईत प्लेग भरात असतानाच, लालबागेत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. मग तिजोऱ्या केल्या, आणि १९२३ साली लोखंडी कपाट. पुढे लग्नात मुलीला कपाट देण्याची पद्धत इतकी पडली, की कपाटाला ‘गोदरेज’ असेच नाव पडले, मग ते कोणाच्याही कारखान्यातले असो.

इथपर्यंत सगळे छान. पण पत्र्याच्या डब्याने आणि कपाटाने एक गोष्ट बिघडवली, ती मला सांगितलीच पाहिजे. उतरंड हलवावी लागे, म्हणून ती हलत होती. कपाट हलवता येत नाही आणि डबा हलवावा लागत नाही. पत्र्याची ट्रंक खाटेखाली गेली की पोराच्या लग्नापर्यंत तिथेच. त्यात रिकामा डबा टाकवत नाही, बाटली टाकवत नाही, पोते तर नाहीच नाही. ‘लागेल कधी तरी’ हे तीन शब्द आपल्या घरातल्या अडगळीचे मूळ आहे. मी स्वतः या बाबतीत फारसा निर्दोष नाही. माझ्याही माळ्यावर हँडल नसलेली छत्री आहे. जुन्या घरात वस्तूला जागा आधी असे, वस्तू मागून येई. आता वस्तू आधी येते, आणि जागा शोधता शोधता ती माळ्यावर जाते.

शिक्षक मंडळींना एक विनंती. मुलांना घरी आजीला विचारायला सांगा: कोनाडा, देवळी, घडवंची, उतरंड, बळद, दांडी, शिंके, यांपैकी तुमच्या घरात काय काय होते आणि त्यात काय ठेवीत असत? जिल्ह्या-जिल्ह्याला नावे वेगळी मिळतील. एका वर्गात अर्ध्या तासात जमेल एवढी माहिती कुठल्या ग्रंथात सापडायची नाही.

उंदराचा माग अजून संपलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव भागात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या लोकांनीही धास्ती घेतली आणि जुनी घरे सोडून ते बाहेर, तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. झोपड्यांत सगळे कुठे मावणार? धान्य जुन्या घरांतच राहिले. दारे बंद, आत दाणे, चुलीत विस्तव नाही, झाडलोट नाही, मांजर नाही. उंदरांना मोकळे रान मिळाले. १९९४ च्या पावसाळ्यात गावात उंदीर मरून पडू लागले, ऑगस्टमध्ये लोकांनी पिसवांच्या त्रासाची तक्रार केली, आणि मग काखेत-जांघेत गाठी आलेले रोगी दिसले. कित्येक वर्षांनी या देशात प्लेगचे नाव पुन्हा उच्चारले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि तिथून लाखो लोक पळत सुटले, गाठोडी घेऊन, १८९६ च्या मुंबईसारखे.

या वेळी मात्र उपाय माहीत होता. मामल्यात घरोघर कीटकनाशक भुकटी मारली, आधी पिसवांवर आणि मग उंदरांवर, कारण उंदीर आधी मारले तर पिसवा माणसांकडे येतात. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. ऑक्टोबर सरेपर्यंत साथ ओसरली.